ओट्याच्या उंचीची गाडी

लोणावळा,
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आबांस,
स्नेहलचा शि. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही खुशाल. आईच्या पायांची सूज उतरली का, ते आधी कळवा. फोनवर विचारायची सोय नाही, हे आपल्या घरचं जगावेगळं दुखणं. नेटवर्क फक्त ओट्यावर मिळतं, तुम्हाला ऐकू यावं म्हणून आपला संदेश फोन स्पीकरवर टाकतो, आणि मग आईला लघवी किती झाली ते अख्ख्या आळीला कळतं. मागच्या खेपेला तर माझ्या प्रश्नाचं उत्तर समोरच्या हनुमंतकाकांनीच दिलं. आई त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्यापेक्षा पत्र बरं. नथूच्या दुधाच्या गाडीनं सकाळी दिलेलं पत्र चहाच्या वेळेला हातात पडतं.

मुद्द्यावर येते. चाँदभाईंचा फोन आला होता. त्यांच्या व्हॅनची मुदत ऑगस्टअखेर संपते, पुढचं पासिंग होणार नाही. दीड वर्ष दर मंगळवारी आणि शुक्रवारी आईला तळेगावला डायलिसिसला नेणारा हा माणूस; फोन ठेवेपर्यंत माफीच मागत होते. त्यावर संदेशचं उत्तर तयार आहे, मोठी सात सीटची गाडी. त्याला ती आईसाठी हवी आहे की कंपनीच्या गेटवर मित्रांना दाखवायला, ते त्याचं त्याला माहीत. समीक्षा म्हणाली की नवरा झोपेतसुद्धा गाडीचा रंगच बडबडतो.

माझं म्हणणं तुम्हाला ठाऊक आहे. आईला इकडे माझ्याकडे कायमची पाठवा. दवाखाना जवळ, लिफ्ट आहे, सुहासही म्हणतात आणा. पण आई म्हणते, तुझ्या तिसऱ्या मजल्यावरून मला काय दिसणार, तर दुसऱ्यांच्या वाळत घातलेल्या चड्ड्या. मला हसू येतं, पण हसण्यावारी नेता येत नाही. डॉक्टरांनी बजावलं आहे की एकही खेप चुकता कामा नये, पाणी छातीत भरतं. तेव्हा आबा, गाडी निभावणारी असेल तरच आई वडिवळ्यात राहील, नसेल तर तिला यावं लागेल. तुम्ही स्वतः संदेशबरोबर जा. बाजारात बैल बघता तशी गाडी बघा आणि बरंवाईट सगळं मला लिहा. संदेशच्या उत्साहावर माझा भरवसा नाही.

माझ्यावर लोभ आहेच, त्यातला थोडा काळजीकडे वळवावा.

आपली,
स्नेहल


वडिवळे,
सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

चि. स्नेहल हिस,
आबाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. हितं सगळी बरी हायेत. तुझ्या आईची सूज कमी हाय, जिभेची धार हाय तशीच हाय. भाताची लावणी उरकली, पाऊस चांगला हाय.

तू म्हणालीस बैल बघावा तशी गाडी बघा. बघितली. पण बैलाचं तोंड उघडून दात तरी बघता येत्यात, हिचं तोंडच उघडंना. संदेशनं आतला खटका दाबला तवा उघडलं. चांगलं आधी सांगतो. गाडी जमिनीपासनं लय उंच हाय. साकवावर पाणी आलं तरी पोटाला लागायचं न्हाई, चाँदभाईची व्हॅन तितंच दोनदा बंद पडलीती. मधल्या शिटंवर तुझ्या आईला आडवं व्हता येतं. मागं जाताना मागचं सगळं म्होरं टीव्हीवर दिसतं. आन् काचा लावल्या का बाहेरचं आत न्हाई आन् आतलं बाहेर न्हाई. आत बसल्यावर सगळीच माझ्यासारखी बहिरी, मला लय बरं वाटलं.

वाईट बी हाय. छपराला काचेचं झाकण हाय. आपल्या मावळात चार म्हयने आभाळ फाटल्यालं, तितं छपराला भोक पाडून वर त्याचे पैसं घेता व्हय, असं मी इचारलं. दुकानातल्या पोरानं हसून मला चहा दिला. सगळ्यात मागची शीट निव्वळ नावाला. माणूस बसला तर गुडघं कानाला लागत्यात, एखादं शेरडू बसंल. हनुमंताच्या गोठ्यापाशी वळताना आरसं मिटावं लागत्यात. आन् दुकानातल्या कागदावर न लिवल्यालं वाईट सांगतो. एवढी गाडी दारात आली का ती गावाची हुती. कुणाची बाळंतीण, कुणाचं वऱ्हाड, न्हाई म्हणायचं तोंड आपल्याला न्हाई. मी संदेशला सांगितलंय, मंगळवार शुक्रवार गाडी आईची, बाकी दिवस गावानं वाटून घ्या.

खरी परीक्षा काल घेतली. दुकानवाल्यांनी गाडी दाखवायला दारात आणली. ती ओट्याला अगदी चिकटून लावाय सांगितली. मी सुतळी घेऊन तयारच हुतो. आदी ओटा मापला, गाठ मारली. मग गाडीचा तळ मापला. गाठ तितंच आली, बोटभर बी फरक न्हाई. तुझ्या आजानं ओटा बांधला तवा ही गाडी डोळ्यापुढं धरून बांधला का काय, असं वाटलं. तुझी आई माजघरातनं सैपाकघरात जावं तशी चालत गाडीत गेली. पाय उचलाय लागला न्हाई. आळीतल्या बायका बघत हुत्या. कसं वाटतंय इचारलं तर म्हणली का आपल्याच ओट्यावर बसल्यागत वाटतंय. संदेशनं तितंच गाडी पक्की केली. मलाबी पटलं. गणेश चतुर्थीला घरी येईल.

दवाखान्यात नेहमीसारखं संदेश आन् समीक्षा नेतील. मी काय जात न्हाई. डॉक्टर काय बोलतो ते ऐकू येत न्हाई, चारचौघांत उगं मान हलवत बसायचं, त्याची लाज वाटती.

जीवाला घोर लावून घिऊ नगंस. जावईबापूंना नमस्कार. माया हाय तशीच ऱ्हाऊ दे.

तुझा,
आबा


लोणावळा,
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र सुहासना वाचून दाखवलं. शेरडाच्या सीटपाशी ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मलाही हसू आलं, पण जीव थाऱ्यावर नाही. संदेश रात्रपाळी करून सकाळी हायवेला गाडी काढणार. कार्ला फाट्याला पर्यटकांची गर्दी असली की गाड्या हलत नाहीत, चाँदभाई व्हॅन कुठून तरी आडवाटेनं काढायचे. ही हत्तीण कुठून निघणार? आत आईला गरगरलं तर?

या शनिवारी आमच्या हॉटेलात अशा गाड्यांची रांग लागली होती. मी रिसेप्शनवरून मुद्दाम बघत बसले. पण त्यांतून उतरणारे सगळे पंचविशीतले, दार उघडलं की उड्या टाकून खाली. त्यामुळे मला काही समजलं नाही. गाडी चांगलीच असणार, एवढे लोक काय वेडे आहेत?

ठीक आहे, ओट्याच्या मापापुढे मी हरले. पण तुमच्याकडून एक शब्द पाहिजे. या गाडीपायी आईची एक जरी खेप चुकली, तर मी तिला घेऊन येईन आणि तुम्ही अडवायचं नाही. कबूल असेल तर नथूकडे नुसतं कबूल म्हणून निरोप द्या.

रागावू नये, लोभ कमी करू नये.

आपली,
स्नेहल


वडिवळे,
बुधवार, ३ सप्टेंबर २०२५

सौ. स्नेहलताईंस,
समीक्षाचा सा. न. वि. वि.

ताई, मी तुम्हाला कधी पत्र लिहीत नाही, त्यामुळे अक्षर बघूनच तुम्ही दचकाल. दचकण्यासारखंच आहे म्हणून लिहिते. फोन केला असता, पण ओट्यावर आई बसलेल्या असतात.

काल आईंची खेप चुकली. आबांना आणि ह्यांना अजून त्यात काही वावगं वाटत नाही, कारण काल गौरी जायच्या होत्या. आई सकाळीच म्हणाल्या की माहेरवाशिणीला वाटेला लावायचं सोडून मी घरातली बाई दवाखान्यात जाऊन झोपू का, शुक्रवारी जाईन. दोघांनी माना डोलावल्या. मी म्हटलं की गौरींचं मी बघते, तर माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा चुलीकडं वळले. पण ताई, कारण गौरी नाहीत. कारण मागचा शुक्रवार आहे.

त्या दिवशी नव्या गाडीची पहिली खेप. ओट्यावरून आई थाटात आत गेल्या. हनुमंतकाकांना हात केला. तळेगावला पोचलो, दार उघडलं आणि आईंनी खाली बघितलं. खाली नुसता डांबरी रस्ता, केवढा तरी खोल. ओटा कुठाय तिथं? एक पाय खाली सोडला तो लोंबकळतच राहिला. मी खालून धरलं, ह्यांनी वरून धरलं, कशाबशा उतरल्या. येताना तर बघायलाच नको. सुईवरून उठल्यावर त्यांच्या पायात बळ नसतं हे तुम्हाला माहीत आहे. चाँदभाईंच्या व्हॅनमध्ये नुसतं टेकलं की झालं, पाय आत घेतले की झालं. इथं पाय गुडघ्याच्या वर उचलायचा. दोनदा उचलला, दोनदा खाली आला. दाराजवळ बाजूला एक बारीक पायरी आहे, तिच्यावरून सपात घसरली. मागं दुसऱ्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मग ह्यांनी घाईत आईंना कमरेला धरून उचललं आणि पोतं ठेवावं तसं सीटवर ठेवलं. लुगडं पार पोटऱ्यांच्या वर गेलं. दवाखान्याच्या दारातली सगळी माणसं बघत होती. ह्यांचा काही दोष नाही, त्यांनी आईसाठीच केलं. पण आई घरी येईपर्यंत पदर डोक्यावरून तोंडापर्यंत ओढून बसल्या होत्या. ज्या बाईनं सुनेसमोरसुद्धा कधी पाय पसरले नाहीत, तिचं काय झालं असेल.

आज त्यांचे डोळे सुजलेत. जिना नसलेल्या घरात दम लागतोय. परवा शुक्रवार आहे आणि त्या आत्तापासूनच म्हणतायत की बरं वाटतंय, काय गरज नाही. मला भीती वाटते, ताई. चाँदभाईंची व्हॅन भंगारात गेली. आबांना मी सुनेनं हे कसं सांगू? तुम्हीच लिहा.

धाकटी समजून माया ठेवावी, ही विनंती.

आपली,
समीक्षा


लोणावळा,
गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

समीक्षानं सगळं लिहिलं. तिच्यावर रागावलात तर माझी शपथ आहे. सोबत तिचं पत्र ठेवलं आहे, वाचा.

आबा, तुम्ही ओटा मापलात. दवाखाना कुणी मापला? छपराचं भोक दिसलं, मागची सीट दिसली, गोठ्याचं वळण दिसलं, आणि ज्या बाईसाठी गाडी घेतली ती परक्या ठिकाणी खाली कशी उतरणार हे तुम्हा दोघा बाप्यांना दिसलं नाही? मी तरी कुठली शहाणी. तुमचं पत्र वाचून मीही माना डोलावल्याच.

उद्या शुक्रवार. उद्याची खेप चुकली तर आई हाताला लागणार नाही, हे मी स्पष्ट लिहिते, कारण तुम्हाला कुणी स्पष्ट सांगत नाही. मी आत्ता आले असते, पण सलग सुट्ट्या आल्यात, हॉटेल भरलं आहे आणि मला सोडत नाहीत. उद्या काहीही करून तिला न्या. उचलून न्यावं लागलं तर उचलून न्या, रडली तर रडू द्या. रविवारी मी येते आणि तिला घेऊन जाते. तिची लुगडी आणि औषधं भरून ठेवा. तुम्ही कबूल म्हणून निरोप धाडला होता, तो मी विसरलेली नाही.

जास्त लिहिलं असेल तर पदरात घ्यावं.

आपली,
स्नेहल


वडिवळे,
शनिवार, ६ सप्टेंबर २०२५

चि. स्नेहल हिस,
आबाचे आशीर्वाद.

पहिलं हे वाच, का तुझी आई काल दवाखान्यात गेली, सुईवर पडली, आन् घरी आली. आत्ता चुलीपुढं बसून समीक्षाला भाकरी कशी थापायची ते शिकवती. आता बाकीचं वाच.

तुझं पत्र गुरुवारी दुपारी नथूनं आणलं. समीक्षाचं बी वाचलं. मग मी तुझ्या आईला इचाराय गेलो. पण आमची अडचण तुला ठावं हाय. तिला हळू बोलायचं असतं आन् मला हळू ऐकू येत न्हाई. ती तोंडातल्या तोंडात काय तरी बोलली, मी म्हणलो आँ, तशी ती तोंड फिरवून बसली. मग ध्यानात आलं का गाडी ओट्यालाच हाय. तिला म्हणलो, चल आत. ती आत जाऊन बसली, मी बी बसलो, काचा लावल्या. म्हणलो, आता काय वरडायचं ते वरड, आळीला ऐकू जाणार न्हाई.

पोरी, लय वरडली. इतकी वर्सं घरात माणसं, ओट्यावर माणसं, आमाला दोघांना बोलाय जागाच न्हवती. पार मागल्या सालापासनंचं सगळं काढलं. मग रडली. म्हणली का मरायचं भ्या न्हाई, पोटच्या पोरानं चारचौघांत पोत्यागत उचलायचं भ्या हाय. म्हणली, लोणावळ्याला बी जावई न्हाईतर लिफ्टवाला उचलणारच हाय, मग हितंच पडू द्या मला. आन् म्हणली का तुमी एकदा बी संगं आला न्हाईत. हे बी मला नीट ऐकू आलं. गाडीचा हा एक गुण मी तुला मागच्या पत्रात नुसता लिवला हुता, त्याचा उपेग तवा कळला.

चूक माझी हाय. मला वाटलं जगात सगळीकडं ओटा असतोच. मग उतरलो आन् सुतळी काढली. चौरंगाची पायरी करावी म्हणलो, तर तुझी आई म्हणली का आत्ता परवा गणपती बसलं हुतं त्याच्यावर, पाय लावू व्हय? बरोबर हाय. माळ्यावर भात झोडायची ऐनाच्या लाकडाची जाड फळी पडून हुती, मशीन आल्यापासनं कुणी हात लावला न्हवता. आमी दोघांनी तिच्यावर पंधरा-वीस सुग्या झोडल्यात. केरबा सुताराला बोलवलं. सुतळीच्या गाठीचं तीन भाग केलं आन् घडवंचीसारखं दोन पायऱ्यांचं करून घेतलं. वर गोणपाट ठोकलं, म्हंजे सपात घसरणार न्हाई. ते ठेवायचं कुटं, तर मागल्या शिटंवर. शेरडाची म्हणून नावं ठेवलीती, तितं नेमकं बसलं.

काल सकाळी मी बी गेलो. तुझी आई सवताच्या पायानं उतरली आन् सवताच्या पायानं चढली. मी हुतोच संगं. डॉक्टर लय तापला हुता. फुडली एक जरी खेप चुकली तर भरती करीन म्हणला, संदेशनं मला मोबाईलवर लिवून दाखवलं. अंगातनं लय पाणी काढलं. त्यानं मला चार गोष्टी सुनावल्या असणार, मी मान हलवली. काय लाज वाटली न्हाई.

मी शब्द दिला हुता आन् एक खेप चुकली. तू उद्या न्यायला आलीस तर मी आडवा येणार न्हाई. पण आदी तुझ्या आईला इचार. तिनं बी समीक्षाकडनं लिवून घेतलंय, काय लिवलं ते मला दाखवत न्हाई.

बापावर राग धरलास तरी चालंल, घराकडं पाठ करू नगंस.

तुझा,
आबा


वडिवळे,
शनिवार, सकाळचं

चि. स्नेहल हिस,
आईचे लय आशीर्वाद. मी सांगती आन् समीक्षा लिवती. जशी बोलती तशीच लिव म्हणून तिला दम दिलाय.

उद्या ये. पण पिशवी घिऊन येऊ नगंस, जेवाय ये. अळूवड्या करती. मला ठावं हाय तुझा जीव तुटतो. मी बी काय अमरपट्टा घिऊन आली न्हाई, दम लागतो, रात्री उशाला दोन उशा लागत्यात, कधी काय हुईल सांगता येत न्हाई. ज्या दिवशी त्या दोन पायऱ्या बी चढवणार न्हाईत, त्या दिवशी मी आपसूक तुझ्याकडं येईन, तुझ्या त्या चड्ड्या बघत बसंन. तवर नगं.

तुझ्या बापानं तुला काय लिवलं ठावं न्हाई. फळीचं लिवलं असंल, सुतळीचं लिवलं असंल. म्होरचं लिवलं नसणार, म्हणून मी सांगती.

लगीन झाल्यापासनं आमी कुटं बी गेलो तर ह्ये धा पावलं म्होरं आन् मी मागं. बाजारात बी तसंच, देवाला बी तसंच. मागं वळून बघायचं न्हाई, मी आली का ऱ्हायली. काल सुईवरनं उठली, दारात आली, तर ह्यांनी पायऱ्या मांडून ठेवल्या हुत्या. माझं पाय लटपटत हुतं. मागं ह्या एवढ्या गाड्या, हॉर्न वाजवत्यात, माणसं बघत्यात. संदेशनं हात म्होरं केला, मी अंग चोरलं. तर ह्यांनी त्याला बाजूला सारलं आन् माझा हात धरला. लग्नात भटानं धराय लावला हुता, त्याच्यानंतर चारचौघांत आत्ताच. मागच्या गाडीवाल्याकडं बघितलं बी न्हाई. मी एक पाय ठेवला, मग दुसरा. आन् तवा ह्ये माझ्या कानाशी वाकून म्हणलं, विठा, सावकास, मी हाय.

पोरी, त्यास्नी ऐकू येत न्हाई. त्यास्नी वाटलं हळूच म्हणलं. पार औषधाच्या दुकानापतुर ऐकू गेलं. नर्सबाई थांबली, हॉर्नवाला गप झाला, समीक्षा तोंडाला पदर लावून उभी. पन्नास वर्सांत माझं नाव कधी तोंडातनं काढलं न्हाई, आगं आन् ऐकलंस का, एवढंच. मी खाली मान घालून गाडीत बसली. लाज वाटली, पण ती परवासारखी न्हाई.

तू ह्यातलं एक अक्षर बी त्यास्नी कळू दिऊ नगंस. कळलं तर गप बसतील. मंगळवारी मला परत ऐकायचंय.

तुझी,
आई